झाडणीचा कापूस

आमच्या घरात कापसाला स्वतंत्र खोली आहे. माणसांना नाही. ओसरी, स्वयंपाकघर आणि मागची सांदवाडी, म्हणजे परसदार, यांच्या मधोमध ती एकच बंद खोली. तिला लाकडी दार आहे आणि एक लहान खिडकी. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत त्या खोलीत वेचलेला कापूस येत राहतो. आधी घोट्याएवढा, मग छातीएवढा, आणि साल बरं असलं तर टिनाखालच्या लाकडी फाट्यांना टेकेपर्यंत. मग दार ओढून घेतात आणि भाव वाढायची वाट पाहतात.

यवतमाळ जिल्ह्यात नेरच्या बाजूच्या गावांमध्ये हे असंच चालतं. कापूस शेतात ठेवता येत नाही, आग लागते किंवा कुणी उचलून नेतं. म्हणून तो माणसांत राहतो आणि माणसं त्याला जपून वागतात. आमच्याकडे त्या खोलीच्या भिंतीला कुणी उदबत्ती खोचत नाही. विडी ओढणारा पाहुणा आला की त्याला अंगणात बाज टाकून देतात. लहानपणी हिवाळ्यात मी आणि दादा, माझा थोरला भाऊ, त्या कापसावरच झोपायचो. अंगाला खाज सुटायची, पण रजई लागत नसे.

कापसात उंदीर असतात. हे सांगण्यासारखं आहे असं आमच्या घरात कुणाला कधी वाटलं नव्हतं. सरकी खायला मिळते, ऊब मिळते, मांजर आत शिरत नाही. भरदुपारी दाराला कान लावला तरी आत खसखस ऐकू यायची. वहिनी, म्हणजे दादाची बायको, त्यावर म्हणायची, "उंदरीचंही माहेर हेच. बाळंतपणाले बरोबर येते."

या खोलीचे दोन नियम होते. दोन्ही आईच्या वेळचे, तिच्यामागे वहिनीने पाळलेले. पहिला असा की, खोलीत भरलेला कापूस घराचा आणि गाडी भरून गेल्यावर कोपऱ्यात, भेगांत, जमिनीवर जो उरतो तो घरच्या बाईचा. त्याला झाडणीचा कापूस म्हणतात. त्यावर पुरुष हक्क सांगत नाही. बाई तो झाडते, काठीने झोडपते, माती आणि पाला वेगळा करते. त्याचं काय करायचं ते तीच ठरवते. देवाच्या वाती होतात, उशा होतात, एखादी गादी होते. दुसरा नियम असा की, कापूस ज्या दिवशी जातो त्या दिवशी खोलीत पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही. आई म्हणायची, लक्ष्मी वाहून जाते. खरं कारण साधं असावं. ओला झालेला झाडणीचा कापूस गोळा होतो, पिवळा पडतो, कशाच्याही कामाचा राहत नाही. दोन्ही कारणांचा परिणाम एकच होता. ती खोली कोरडी झाडली जायची.

मी यवतमाळला एका दैनिकात काम करतो. सुटीच्या दिवशी गावी जातो. ज्या दिवशी गाडी आली त्या दिवशी मी घरी होतो.

त्या साली भाव वाढलाच नाही. मे महिना निघत आला तरी खोली भरलेली होती. दादा अजून थांबला असता. पण त्याच्या मुलीला दिवस गेले होते. ती पुसदजवळ दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि सातवा लागला की आणायचं, असं ठरलेलं. आणायचं म्हटल्यावर बाळंतिणीला बंद खोली हवी. घरात बंद खोली एकच. वहिनीने दादाच्या मागे लागून कापूस विकायला लावला.

"भाव येईन पुढच्या महिन्यात," दादा म्हणाला.

"भाव येईन तवा येईन. नातू तुमच्या भावासाठी थांबून नाई राहणार," वहिनी म्हणाली.

"नातूच कायले? नात नाई का येऊ शकत?"

"येऊ द्या ना. तिलेही खोलीच लागन. ओसरीवर नाई ठेवत मी पोरीले."

पिकअप आली. मजुरांनी कापूस पायाने तुडवून भरला आणि गाडी गेली. मग वहिनी खोलीत शिरली. तिने खिडकी लावली आणि दारही लावून घेतलं, कारण दार उघडं राहिलं की कापसाचे तंतू उडून स्वयंपाकघरात पसरतात आणि झाडणीचा अर्धा माल वाऱ्यावर जातो. डोक्याला पदर घट्ट बांधला. नाक बांधलं नाही. उन्हाळ्यात टिनाखाली नाक बांधलं तर जीव गुदमरतो. बाहेरून आम्हाला फड्याचा, म्हणजे खराट्याचा, आवाज येत होता, त्यानंतर काठीचा. काठीचा आवाज बराच वेळ चालला.

मध्ये एकदा दार उघडून ती सूप घेऊन बाहेर आली. सुपात कापसाचा एक गोळा होता आणि गोळ्यात उंदराची पिल्लं, अजून केस न आलेली. दादाने चप्पल काढली.

"राहू द्या," ती म्हणाली. "घरात बाळंतीण येऊन राह्यली. आता मारू नये."

ती सांदवाडीत गेली आणि सूप हलकेच सरपणाच्या मागे रिकामं करून आली. मग पुन्हा दार लावून घेतलं.

संध्याकाळी ती बाहेर आली तेव्हा केस, भुवया, पापण्या सगळं पांढरं झालं होतं. ती एकसारखी शिंकत होती.

"म्हातारी झाली बाप्पा आज," दादा म्हणाला.

"तुमच्या भावाची वाट पाहू पाहू झाली," ती म्हणाली.

झाडणीचा कापूस एका चादरीत बांधलेला होता. त्या आठवड्यात तिने त्याची बाळासाठी एक लहान गादी शिवली, जुन्या सुती लुगड्याच्या खोळीत. उरलेल्या कापसाची उशी केली, तान्ह्या बाळाची मोहरीची असते तेवढी. पुढच्या सुटीला मी गेलो तेव्हा तिने ती गादी माझ्यासमोर टाकली आणि म्हणाली, "पाहा भाऊजी, बाजारात अशी भेटते का? हात ठेवून पाहा." मी हात ठेवून पाहिला. गादी मऊ होती, कुठेही गाठ लागत नव्हती.

पेरणीच्या दिवसांत तिला ताप आला. पाऊस एकदा पडून थांबला होता, ऊन परत तापलं होतं आणि ती बियाण्याची पाटी घेऊन दिवसभर शेतात होती. सगळ्यांनी एकच सांगितलं, ऊन लागलं. आमच्या भागात उन्हाळा संपताना आलेल्या तापाला दुसरं नाव सहसा कुणी शोधत नाही. तळपायांना कांदा चोळला, कैरीचं पन्हं दिलं. गावातल्या डॉक्टरने सलाईन लावली आणि गोळ्या दिल्या. डोळे लाल होते, ते उन्हाने. कंबर फुटल्यासारखी दुखत होती, ती पेरणीने. डोकं दुखत होतं, ते तापाने. प्रत्येक त्रासाला घरातच कारण सापडत होतं आणि ते पटण्यासारखं होतं.

एक त्रास तिने पुरुषांना सांगितला नाही. तिला लघवी होणं जवळपास बंद झालं होतं. हे तिने फक्त शेजारच्या काकूला सांगितलं, तेही हसत. काकू म्हणाली, एवढा घाम जाते, मंग पाणी उरन कुठून. तेही पटण्यासारखं होतं.

मग ताप उतरला. घरात सगळ्यांना बरं वाटलं. त्याच दिवशी दुपारी दादाचा मला फोन आला.

"ताप गेला तिचा," तो म्हणाला. "पण बाई ठीक नाई. चेहरा वेगळाच दिसून राह्यला."

नेरच्या दवाखान्यात रक्तदाब मोजला आणि तिथूनच गाडी करून यवतमाळला पाठवलं. मी तिथल्या दवाखान्याच्या दारात उभा होतो. गाडीतून स्ट्रेचरवर उतरवून घेताना ती मला म्हणाली, "तुमची सुटी गेली भाऊजी." तिचा चेहरा सुजला होता आणि दंडावर, जिथे सुई टोचली होती तिथे, मोठा जांभळा डाग पडला होता.

पुढच्या दिवसांत एकेक तपासणी झाली. मलेरिया नव्हता, डेंगी नव्हता. गवतातल्या किड्यांच्या चाव्याने येणारा ताप आमच्याकडे माहितीचा आहे, तोही नव्हता. पावसाच्या साचलेल्या पाण्यातून येणारा लेप्टो, तोही नाही. प्लेटलेट कमी होत्या आणि दोन्ही मूत्रपिंडं काम करत नव्हती. डायलिसिस सुरू झालं. बातमीत आम्ही अशा ठिकाणी 'तापसदृश आजार' असं लिहितो आणि पुढच्या ओळीवर जातो.

वॉर्डातली डॉक्टर तरुण बाई होती, बहुधा शिक्षणाच्या शेवटच्या वर्षातली. एका दुपारी ती दादाजवळ येऊन बसली. उभ्याने बोलली नाही, हे मला आठवतं.

"काका, घरात उंदीर आहेत का?"

दादाला वाटलं ती स्वच्छतेबद्दल बोलते आहे. "उंदीर कोणाच्या घरी नाई मॅडम?" तो म्हणाला. "गणपतीचं वाहन आहे ते. आपण काय हाकलावं त्याले."

ती हसली नाही. "काकूंनी अलीकडे कुठली बंद खोली झाडली होती का? गोदाम, कोठी, असं काही? गेल्या महिन्या-दीड महिन्यात."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी त्या दिवशीचं सगळं सांगितलं. दार लावलेलं, खिडकी लावलेली, काठीने झोडपलेला कापूस, सुपातली पिल्लं. शेवटी तिने फक्त विचारलं, "पाणी शिंपडलं नव्हतं?"

"त्या दिवशी पाणी नसते टाकत," दादा म्हणाला.

मग तिने सांगितलं. एक विषाणू असतो, तो उंदरांमध्ये राहतो. उंदराला त्याने काही होत नाही. तो उंदराच्या लघवीतून, लेंड्यांतून, थुंकीतून बाहेर पडतो. सगळ्या उंदरांत नसतो आणि असला तरी सगळ्यांना बाधत नाही. लघवी वाळते, धुळीत मिसळते. ती धूळ बंद जागेत उडाली की श्वासावाटे आत जाते. मग काही दिवस, कधी काही आठवडे, काहीच जाणवत नाही. मग ताप येतो.

"पण तिले उंदीर चावला नाई कुठं," दादा म्हणाला.

"चावावा लागत नाही काका."

"तिनं तर त्याईले मारलंही नाई."

डॉक्टरने आपल्या हातातला पेन मिटला. तिने सांगितलं की ही नुसती शंका आहे. याची तपासणी इथे होत नाही, रक्ताचा नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवावा लागेल आणि तिने तो पाठवला आहे.

"अन् तेच निंघालं तं औषध?"

"या आजारावर थेट औषध नाही. किडनीचं काम आपण मशीनने करतो. रक्तदाब सांभाळतो. बाकी शरीराला वेळ द्यायचा."

"मंग तपासून फायदा?"

"काय आहे ते कळेल."

दादाने मान हलवली. त्याचं समाधान झालेलं नव्हतं, पण तो भांडायच्या स्थितीतही नव्हता. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "पोरीले भेटू द्यायचं का? पोटुशी आहे ती." डॉक्टर म्हणाली की हा आजार सहसा माणसाकडून माणसाकडे जात नाही. दादाने त्यातला 'सहसा' तेवढा ऐकला.

म्हणून मुलीला बोलावलं नाही. दादा, मी आणि वहिनी, आम्हा तिघांच्याही मताने. वहिनी शुद्धीवर होती आणि तिने हेच सांगितलं. "सातव्यात आहे ते. एवढ्या लांबून एसटीनं आदळत आणू नका. मीच जाईन आणायले." भेटीच्या वेळेत मी तिच्या हातात मोबाईल दिला. तिने आधी गळ्याजवळ लावलेली नळी पदराने झाकली, केसांवरून हात फिरवला, मग कॉल लावायला सांगितला.

"आई, तुह्यं तोंड काहून सुजलं?" पुतणीने विचारलं.

"मोबाईल जवळ पकडला म्हणून. तुह्या काकाले धरता नाई येत."

"कुठी आहेस? मागं कोण खोकलून राह्यलं?"

"काकाच्या घरी आली. तपासणीले. इथं सगळेच खोकलतात."

"कधी येतेस मले न्यायले?"

"पेरणी झाली का येतो. खोली झाडून ठेवली आहे. सारवण तेवढं राह्यलं."

फोन बंद झाल्यावर तिने मला विचारलं, "सारवण झालं का हो भाऊजी? काकूले सांगा, शेणात थोडी पांढरी माती टाकजो म्हणा. नुसत्या शेणानं पोपडे निंघते." मी सांगतो म्हणालो. डॉक्टरने आदल्या दिवशीच खोली उघडू नका असं सांगितलं होतं आणि त्या खोलीला दादाने कुलूप लावलं होतं.

एक सकाळ बरी गेली. खाटेला लावलेल्या पिशवीत लघवी उतरायला लागली होती. आधी थोडी, दुपारपर्यंत पुष्कळ. या आजारात मूत्रपिंडं परत चालू होतात तेव्हा असं होतं, असं डॉक्टर म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचा आवाज थोडा मोकळा वाटला. दादा त्या पिशवीकडे वाकून पाहत होता, उन्हाळ्यात विहिरीत पाणी किती चढलं ते पाहावं तसा. तो खाली जाऊन चहा पिऊन आला. आल्यावर म्हणाला की परवा-तेरवा गावाकडे एक चक्कर मारतो, पेरलेलं निघालं का ते पाहतो. वहिनीने त्याला बियाण्याची उरलेली थैली कुठे ठेवली आहे ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिला श्वास लागला. फुप्फुसांत पाणी झालं होतं. तोंडाला ऑक्सिजन लावला, मग मशीन लावलं. मशीन लावण्याआधी ती काही बोलली का, हे आम्हा दोघांनाही माहीत नाही. आम्ही बाहेर होतो. त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी ती गेली.

पोटुशी बाईने मढं पाहू नये, असं आमच्याकडे मानतात. पुसदच्या घरच्यांनीही तेच सांगितलं. पुतणीला तिच्या सासूने संध्याकाळी सांगितलं, सगळं आटोपल्यावर. तिने आईला शेवटचं पाहिलं ते मोबाईलवर.

दहावं झालं त्याच्यानंतर डॉक्टरचा मला फोन आला. प्रयोगशाळेतून उत्तर आलं होतं. तिची शंका खरी होती. तिने माझ्याकडे दादाची तब्येत विचारली, घरात आणखी कुणाला ताप आहे का ते विचारलं आणि खोली कशी साफ करायची ते सावकाश, दोनदा सांगितलं. दार-खिडकी आधी उघडी टाकायची. थोडा वेळ आत जायचं नाही. नाकातोंडाला जाड फडकं किंवा मास्क. ब्लीचिंग पावडरचं पाणी सगळीकडे शिंपडायचं, भिजू द्यायचं, मग पुसून घ्यायचं. कोरडा झाडू मारायचा नाही. काहीही झोडपायचं नाही.

मी हे दादाला ओसरीवर बसून सांगितलं. तो ऐकत होता.

"म्हणजे उंदराचाच होता."

"हाव."

"मंग?"

"मंग काही नाही. कळलं तेवढं."

आरोग्याचं पथक गावात आलं. त्यांना तापाने एक मृत्यू एवढंच कळलेलं असावं. त्यांनी आमच्या घरचे रांजण उलटे करून डासांच्या अळ्या शोधल्या, गटारांवर पावडर टाकली आणि ते गेले. नंतर दुसरे दोघे येऊन उंदरांचे पिंजरे देऊन गेले. गावात काही दिवस आमच्या घरचं पाणी कुणी पीत नव्हतं. मग पितात असं झालं. शेजारची काकू मात्र सुरुवातीपासून पीत होती. ती म्हणायची, "मायाही घरात तेच उंदीर आहे. या भिंतीतून त्या भिंतीत जाते. त्याईले काय पासपोर्ट लागते?" तिने स्वतःचं घर कसं झाडायचं ते बदललं नाही. सगळ्या गावात कुणीच बदललं नाही. मी चार-पाच घरांत सांगून पाहिलं. लोक ऐकून घेत, हळहळत, आणि म्हणत की तिचं नशीबच तसं, आपण जन्मभर असंच झाडत आलो.

राहिली ती गादी. वहिनीने ती लोखंडी पेटीत, नव्या साडीखाली ठेवली होती. दादाने मला डॉक्टरला विचारायला लावलं. डॉक्टर म्हणाली, उंदराच्या बाहेर हा विषाणू फार टिकत नाही, काही दिवस कडक उन्हात ठेवली तर धोका राहू नये. दादाने ती गादी उन्हात ठेवायला सुरुवात केली. पावसाळ्याचे दिवस, ऊन धड नाही. ढग आले की तो शेतातून धावत येऊन गादी आत घ्यायचा. उघडीप पडली की बाजेवर टाकायचा, दर थोड्या वेळाने उलटायचा. श्रावणभर हे चाललं. पुतणीला पुसदला मुलगी झाली तेव्हा मी म्हटलं, आता गादी घेऊन जाऊ. दादाने ती बाजेवर आणखी एकदा उलटली. बारशाला आम्ही गेलो ते बाजारातून आणलेली गादी घेऊन. परत आल्यावर त्याने झाडणीच्या कापसाची गादी शेताच्या बांधावर, धुऱ्यावर नेऊन जाळली, उशीसकट. दाबलेला कापूस भडकत नाही, आतून धुमसत राहतो. संध्याकाळपर्यंत धूर दिसत होता.

दिवाळीला कापूस फुटला. वेचणी सुरू करण्याआधी शेतात दहीभात ठेवून पूजा करायची असते, ती घरची बाई करते. ती काकूने केली. कापूस आला, कुलूप निघालं आणि तो त्याच खोलीत गेला. मी दादाला म्हटलं होतं की सांदवाडीच्या मागे टिनाची वेगळी खोली काढू.

"अन् राखण कोण करन?" तो म्हणाला. "ती होती तवा दोन माणसं होतो. आता एक आहे. एक माणूस दोन जागी कसा झोपन?"

तो त्या खोलीच्या दारासमोरच झोपतो, ओसरीत. पिंजरे लावतो. पिंजऱ्यात रोज एखादा सापडतो, आतली खसखस थांबत नाही. मी राहायला गेलो की ऐकतो. दादाला विचारलं तर म्हणतो, मले नाई ऐकू येत.

मे महिन्यात गाडी आली आणि कापूस गेला. त्याने दार उघडलं, खिडकी उघडली आणि सांगितलं तसा थांबला. तोंडाला पंचा बांधला. बादलीत ब्लीचिंग पावडर कालवून त्याने सगळ्या खोलीत शिंपडलं, कोपऱ्यांत, भेगांत, भिंतीच्या कडेने. कापूस गेला त्याच दिवशी त्या खोलीत पाणी पडलं ते पहिल्यांदाच. झाडणीचा कापूस भिजून काळपट लगद्यासारखा झाला. तो त्याने फावड्याने ओढून घमेल्यात भरला. काकू कुंपणाशी उभी राहून पाहत होती.

"तुह्या बायकोनं यातून अख्खी गादी काढली असती," ती म्हणाली.

"हाव," दादा म्हणाला आणि घमेलं उकिरड्यावर रिकामं करून आला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पुतणी मुलीला घेऊन आली. गावात नाही, नेरला. दादानेच तिला सांगितलं होतं, नेरपर्यंत ये, मी तिथंच येतो. आम्ही दोघं स्टँडवर गेलो. दादाने नळावर साबण लावून हात धुतले, पुसले, परत धुतले आणि मग नातीला घेतलं. ती वजनाने चांगली होती. तिने त्याच्या सदऱ्याचं बटण धरलं. त्याने तिच्या बोटांतून ते सोडवलं, सदरा नीट पाहिला आणि मग परत धरू दिलं.

"चला ना मंग बाबा," पुतणी म्हणाली. "गावची गाडी लागली आहे."

"घरी काय आहे?"

"घर आहे ना."

"इथं बरी सावली आहे. रसवंतीही आहे. रस घे."

"मी रसासाठी आली का पुसदवरून?" ती माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही सांगा ना त्याईले. डॉक्टरनं म्हटलंच ना, धुतल्यावर काही नसते."

डॉक्टर जे म्हणाली होती ते मी दादाला पुन्हा सांगितलं. खोली धुतलेली आहे, उन्हाने वाळलेली आहे, कापूस गेला आहे. आता जायला हरकत नाही.

"आता नाई," दादा म्हणाला. "अन् भिंतीत? टिनावर? तू ऐकतो ना रात्री?"

त्याला उंदीर ऐकू येत नाहीत, असं तोच मला सांगत आला होता.

पुतणीने आणखी वाद घातला नाही. आम्ही तिथेच बाकावर बसलो. तिने डबा आणला होता, तो चौघांत उघडला. चौथीला दात येत होते, तिला भाकरीचा कडक काठ चघळायला दिला. लोक येत-जात होते, गाड्यांचे पुकारे होत होते. दादाने तिच्यासाठी तुरीची डाळ आणली होती, घरच्या तुरीची, पण नेरच्या गिरणीतून भरडून तिथूनच परस्पर घेतलेली. ते त्याने तिला दोनदा सांगितलं, घरात नेली नव्हती म्हणून.

दुपारी तिची गाडी लागली. मी पिशवी आत ठेवून दिली. ती खिडकीशी बसली आणि मुलीचा हात बाहेर काढून हलवायला लागली.

"बाबा, दिवाळीले येईन मी. भाऊबीजेले. मंग घरीच येईन, सांगून ठेवतो."

दादा खिडकीखाली उभा होता. त्याने नातीचा हात धरून आत ठेवला.

"दिवाळीले कापूस राहते घरात," तो म्हणाला.

गाडी निघाली. आम्ही दोघं गावच्या गाडीची वाट पाहत तिथेच थांबलो.